कॅरेज-वॅगनवाल्यांचा क्लब

(गणेशोत्सवातील 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. माझं बोलणं वॉकी-टॉकीवरचं, आणि तेही 'रेक फिट आहे' एवढंच. पण सचिवांनी विषय दिला, 'माझा छंद'. घरी विचारलं, माझा छंद कोणता म्हणून सांगू? सौ. म्हणाल्या, "रात्रभर जागायचं आणि सकाळी तोंड पाडून बसायचं, हाच की तुमचा छंद. तेवढं सांगा आणि खाली बसा." तर तेच सांगतो. गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा पाठीराखा आहे. मी इंग्लंडला गेलेलो नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही.

याची सुरुवात क्रिकेटपासून झाली. २६ मे १९९९. मी अमरावतीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, होस्टेलवर राहायचो. त्या दिवशी कारगिलमध्ये हवाई दलाचे हल्ले सुरू झाल्याची बातमी होती आणि दुपारपासून टाँटनला विश्वचषकातला आपला श्रीलंकेबरोबरचा सामना होता. गांगुलीच्या १८३, द्रविडच्या १४५. आपण जिंकलो. मेसच्या हॉलमधल्या त्या एका टीव्हीपुढे सगळं होस्टेल नाचत होतं. एवढ्या आनंदानंतर झोप कुणाला येणार? कुणीतरी चॅनेल बदललं, तर बार्सिलोनाहून फुटबॉल लागलेलं. सव्वाबारा वाजले होते. लाल कपड्यांतला एक संघ, समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक. युरोपचा अंतिम सामना आहे, एवढंच कळलं.

सहाव्याच मिनिटाला लालवाल्यांवर गोल झाला. मुलं एकेक करून झोपायला गेली. नव्वद मिनिटं संपली तरी ०-१. मी उरलो होतो, कारण टीव्ही बंद करून खोलीला कुलूप लावायची पाळी माझी होती. आणि मग त्या तीन जादा मिनिटांत शेरिंगहॅमचा एक गोल आणि सोल्स्कयारचा दुसरा. मी एकटाच ओरडलो. वॉर्डन उठून आले. त्यांना काय सांगावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "सर, गांगुली." ते म्हणाले, "अरे, तो कधीच आऊट झाला!"

पण खरं सांगतो, त्या रात्रीचं माझ्या मनात जास्त राहिलं ते हरलेल्यांचं दृश्य. बायर्नचा कुफूर जमिनीवर मुठी आपटत होता, आणि पंच कोलिना पडलेल्या खेळाडूंना हात देऊन उठवत होते, कारण काही सेकंद का होईना, खेळ अजून बाकी होता.

मी तेव्हापासून त्यांचा झालो, पण का झालो ते मला सांगता येत नव्हतं. वडील विचारायचे. आमची बडनेऱ्याजवळ थोडी कोरडवाहू शेती, कापूस-तूर. वडील म्हणायचे, "त्यांना तू माहीत तरी आहेस का?" उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते रेल्वेत लागल्यावर. २००४ साली दक्षिण पूर्व रेल्वेत ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो, खातं कॅरेज अँड वॅगन. ट्रेनिंगच्या काळात एका रविवारी सायबर कॅफेत क्लबचा इतिहास वाचायला बसलो आणि पहिल्याच परिच्छेदाशी थबकलो. १८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ इथल्या डेपोतल्या कॅरेज अँड वॅगन खात्याच्या कामगारांनी हा क्लब काढला! नाव होतं न्यूटन हीथ एल. वाय. आर. रंग लाल नव्हता, हिरवा आणि सोनेरी होता, त्यांच्या रेल्वे कंपनीचा. दिवसभर डबे दुरुस्त करायचे आणि मग खेळायचं. मैदान यार्डाला लागून आणि कपडे बदलायची सोय अर्धा मैल लांब एका दारूच्या गुत्त्यात. पुढे क्लेटनला गेले, तर तिथे शेजारी रासायनिक कारखाना आणि त्याचा धूर. १९०२ साली क्लब कर्जात बुडाला, एका मद्य व्यावसायिकाने, जॉन हेन्री डेव्हिसने, पैसे घातले आणि मँचेस्टर युनायटेड हे नाव पडलं. पण मूळ ते आपल्या खात्याचंच. मित्रहो, आज जगभर ज्याचे शर्ट विकले जातात तो क्लब आपल्यासारख्याच ग्रीसने माखलेल्या हातांनी सुरू केलेला आहे. त्या दिवशी मी कॅफेवाल्याला दहा रुपये जास्त दिले.

वडिलांना फोनवर सांगितलं. ते वेगळंच बोलले. म्हणाले, "मँचेस्टर म्हणजे कापडाच्या गिरण्यांचं ना? मग आपला कापूस तिकडंच जायचा." त्यांचं बरोबर होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडून येणारा कापूस आटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ पर्यंत जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोचली, तीही बरीचशी त्याच कापसासाठी. तेव्हा माझं आणि त्या गावाचं नातं अगदीच हवेतलं नाही. मात्र हा संबंध मी नंतर शोधलेला, प्रेम आधी बसलेलं, हे कबूल करायला हवं. आपण बहुतेकजण असंच करतो.

आता जी गोष्ट सांगतो ती मी आजवर फक्त घरी सांगितली आहे. आज सांगतोय, कारण समोर आमच्या खात्याची तरुण मुलं बसली आहेत. यार्ड कुठलं ते सांगत नाही, चूक यार्डाची नव्हती, माझी होती.

२१ मे २००८. मॉस्कोला अंतिम सामना, युनायटेड आणि चेल्सी. पुन्हा आपल्याकडे सव्वाबाराला सुरू. बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. चेल्सीचा कप्तान टेरी घसरला, शेवटी व्हॅन डर सारने अनेल्काचा फटका अडवला. पहाटेचे तीन वाजले होते. मी जिंकलो होतो! आणि सकाळी सहाला माझी ड्यूटी होती.

रेक मालगाडीचा, कोळशाचा, रिकामा. तपासणी चालू. डोळे उघडे होते, पण दिसत होता तो व्हॅन डर सार. एका बाजूने चालत आलो, सगळं ठीक म्हणून ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही करायला पेन काढलं. तेवढ्यात आमचे एक जुने बंगाली फिटर, निवृत्तीला वर्षभर राहिलेले, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सार, घुम होयनि?" झोप झाली नाही का. आणि माझा दंड धरून मला मागे पाच-सहा वॅगन चालवत नेलं. खाली वाकायला लावलं. ट्रॉलीतली एक बाहेरची कॉइल स्प्रिंग तुटलेली होती. मी त्याच्यासमोरून दहा मिनिटांपूर्वी गेलो होतो.

वॅगन सिक मार्क केली, काढून सिक लाइनला टाकली. रेक उशिरा सुटला. दादा कुणाला काही बोलले नाहीत. मीच दुपारी त्यांच्याकडे गेलो आणि रात्री काय करत होतो ते सांगितलं. वाटलं, हसतील. ते स्वतः पक्के ईस्ट बंगालवाले, फाळणीत पलीकडून आलेल्या घरातले. ते म्हणाले, "खेळ बघा साहेब, आम्हीपण बघतो. पण ज्यांनी तो क्लब काढला ते सकाळी डब्याखाली वाकत होते ना?" म्हणजे न्यूटन हीथची गोष्ट मी चहाच्या टपरीवर त्यांना इतक्या वेळा ऐकवली होती की ती त्यांनी माझ्यावरच उलटवली.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. सकाळची ड्यूटी असेल तर रात्रीचा सामना नाही, मग तो अंतिम का असेना. मे २०२५ मध्ये बिल्बाओला युरोपा लीगचा अंतिम सामना आपल्या वेळेने साडेबाराला सुरू झाला, तेव्हा मी झोपलो होतो. सकाळी कळलं, टॉटनहॅमकडून ०-१ हरलो. जागून तरी काय मिळालं असतं!

दादांनी मला आणखी एक धडा दिला. एकदा विचारलं, "सार, १९५८ म्हणजे काय?" मी ताठ होऊन म्युनिकचा विमान अपघात सांगू लागलो. ६ फेब्रुवारी १९५८. बेलग्रेडहून परतताना इंधनासाठी विमान म्युनिकला उतरलं, धावपट्टीवर अर्धवट वितळलेला बर्फ, दोनदा उड्डाण फसलं, तिसऱ्यांदा विमान कुंपण तोडून गेलं. तेवीस जण गेले, त्यात आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजून एकविसाव्या वर्षी गेला. वैमानिक कॅप्टन थेनवर ठपका ठेवला गेला, आणि दोष त्याचा नसून धावपट्टीवरच्या त्या चिखलबर्फाचा होता हे मान्य व्हायला जवळजवळ दहा वर्षं लागली. चौकशी म्हणजे काय असते हे आपल्या लोकांना सांगायला नको. जखमी प्रशिक्षक मॅट बस्बी वाचले, त्यांनी पुन्हा संघ उभा केला आणि १९६८ साली वेम्ब्लीवर बेनफिकाला ४-१ हरवून युरोपचा चषक आणला. अपघातातून वाचलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स त्या संघात होते.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे झालं तुमचं. १९५८ म्हणजे ज्या साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. आपल्या रेल्वेने!" मला माहीतच नव्हतं. पी. के. बॅनर्जी त्या संघात होते. त्यांनी मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून खेळणं पत्करलं नाही, ते रेल्वेकडूनच खेळले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कप्तान होते, फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीतला गोल त्यांचा. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक. १९५८ नंतर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन या तिघांबाहेरच्या कुणालाही ती लीग जिंकता आली नाही, थेट २०१९ मध्ये पीअरलेसने जिंकेपर्यंत. सात-आठ हजार किलोमीटरवरच्या रेल्वे कामगारांचा इतिहास मला तोंडपाठ आणि ज्या रेल्वेचा पगार खातो तिच्या शेजारच्या रेल्वेचं काही ठाऊक नाही! त्या दिवशी मला लाज वाटली.

त्यानंतर खडगपूरला बदली झाली तशी मी सेरसाच्या मैदानावर जायला लागलो. सामना कुठलाही असो, कारखान्यातल्या पोरांचा असो की आंतरविभागीय. दोन्ही होतं. घराजवळचं बघितलं म्हणून लांबचं सोडावं लागत नाही.

आणि सोडायचं म्हटलं तर कारणं भरपूर होती. २०१३ साली फर्ग्युसन निवृत्त झाले, तो विसावा लीग किताब. त्यानंतर २०२५ पर्यंत एकही लीग नाही, आणि २०२४-२५ ला तर पंधरावा नंबर. २००५ साली ज्या अमेरिकन कुटुंबाने क्लब विकत घेतला त्यांच्याविरुद्ध तिथल्या लोकांनी २०१० मध्ये हिरव्या-सोनेरी मफलरी घालून निषेध केला. हिरवा-सोनेरी, म्हणजे आपल्या डेपोचा रंग. तो फोटो पाहून माझे डोळे भरून आले होते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, ती मँचेस्टर सिटीची. कारण विचारलं तर म्हणते, "बाबा, ते जिंकतात." काय बोलणार! मे २०२४ मध्ये एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात आम्ही तिच्या सिटीला २-१ हरवलं, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

वडील २०१९ साली गेले. शेवटच्या काही वर्षांत तेच फोनवर विचारायचे, "तुमची पुन्हा हरली का रे?" पेपरात कोपऱ्यात निकाल बघून ठेवायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "आता सोडून देतो, बाबा." तर म्हणाले, "तीन वर्षं बोंडअळीनं कापूस खाल्ला, मी वावर सोडलं का?" ज्या माणसाने 'त्यांना तू माहीत तरी आहेस का' असं विचारलं होतं, त्यानेच हे म्हणावं!

मित्रहो, आपण इथे घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर, बंगाल नागपूर रेल्वेने वसवलेल्या गावात, मंडप घालून बसलो आहोत. पुण्या-मुंबईच्या मानाच्या गणपतींना आपलं मंडळ माहीत नाही. तरी आपण दरवर्षी बाप्पा आणतो, आणि आपले बंगाली, तेलुगू, ओडिया सहकारी आरतीला उभे राहतात. कुणी विचारलं 'त्यांना तुम्ही माहीत तरी आहात का', तर काय सांगणार? मला वाटतं, हिशेब करून हे होत नाही.

ओल्ड ट्रॅफर्ड हे आमच्या क्लबचं मैदान. त्याच्या दक्षिणेकडच्या स्टँडला, ज्याला आता बॉबी चार्ल्टन यांचं नाव आहे, अगदी खेटून रेल्वेलाइन जाते. तिच्यामुळेच तो स्टँड बाकीच्यांइतका वाढवता आला नाही. निवृत्तीनंतर पासपोर्ट काढीन म्हणतो. गेलो तर आधी मैदान बघीन की गाडी, हे सांगता येत नाही. बहुधा गाडीच्या ट्रॉलीकडेच आधी लक्ष जाईल.

ज्या दादांनी माझा दंड धरला ते निवृत्त होऊन आपल्या गावी असतात. दर दुर्गापूजेला फोन करतो. या भाषणाचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "स्प्रिंगचंही सांगा." म्हणून सांगितलं.

उद्या सकाळी सहाची ड्यूटी आहे, तेव्हा आरतीनंतर मी थांबणार नाही, राग मानू नये. 

गणपती बाप्पा मोरया!