घराला दार कसं आलं?

मंडळी, घर म्हटलं की दार आलंच, असं आपण धरून चालतो. पण बिनदाराची घरंही होती बरं का!

तुर्कस्तानात चाताल ह्युयुक नावाचं एक टेकाड आहे. १९६१ साली ते खणायला सुरुवात झाली, तेव्हा आत ९००० वर्षांपूर्वीचं गाव निघालं. घराला घर चिकटलेलं. मधे गल्लीबोळ नाहीत. भिंतीला दार नाही. माणसं धाब्यावरून चालत आणि धाब्यातल्या भोकातून शिडीनं घरात उतरत. चुलीचा धूरही त्याच भोकातून वर जाई. पाणी, धान्य, तान्हं मूल, सगळं त्या शिडीवरून! म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होत असतील, ते आपणच ताडावे.

भिंतीत वाट ठेवणं सोपं. ती बंद करणं अवघड. कातडं टांगलं तर वारा थोडा अडेल, पण जनावर अडणार नाही. त्याला लाकूडच हवं. लाकूड मात्र कुजतं, म्हणून जुनी दारं सहसा हाती लागत नाहीत. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात मोटारी ठेवण्याच्या तळघरासाठी खोदत होते. तिथं ओल्या चिखलात एक दार मिळालं. सुमारे ५००० वर्षांचं! उंची जेमतेम पाच फूट, रुंदी तीन फुटांला थोडी कमी. चिखलात हवा शिरली नाही, म्हणून ते टिकलं. तेव्हा लोखंडाची हत्यारं नव्हती. तरी सुतारानं फळ्या नीट सांधल्या होत्या. आम्हाला त्या सुताराचं फार कौतुक वाटतं.

आता दार फिरवायचं कसं? एका कडेला वर आणि खाली खुंटी ठेवायची. वरची चौकटीत, खालची दगडाच्या खळग्यात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही बिजागरीवाचून अशी फिरणारी दारं आहेत. इराकमधले प्राचीन राजे तर त्या खळग्याच्या दगडावर आपलं नाव कोरून घेत. दारं कुजून गेली, दगड राहिले.

सिंधमधल्या मोहेंजोदडोचे लोक आणखी हुशार. त्यांच्या घरांची दारं बहुतेक आडगल्लीत उघडत. हमरस्त्याकडे नुसती भिंत. रस्त्याची धूळ आणि परक्याची नजर घरात येऊ नये, म्हणूनच हे केलं असावं, असं आम्हाला वाटतं.