गाडीच्या डिकीतलं पाणी : गळती कशी शोधावी, कशी बंद करावी



बियाणं, खतं आणि रोग-किडी यांवर बोलणाऱ्या कृषी अधिकाऱ्यानं आज मोटारीच्या डिकीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण जरा विचार करा. धामणगाव बढे आणि आसपासच्या गावांत आज कितीतरी घरांपुढे चारचाकी उभी असते. पुष्कळ गाड्या जुन्या, दुसऱ्या हाताच्या घेतलेल्या असतात. मोताळा, मलकापूर किंवा बुलढाण्याहून सोयाबीनचं बियाणं आणायचं ते याच गाडीतून, आणि युरियाची 45 किलोची गोणी आणायची तीही याच गाडीतून. पाऊस लागला म्हणून एखादी रात्र माल डिकीतच राहतो. सकाळी पिशवी उचलावी, तर खालची बाजू ओली.

सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. ओल लागली की दाणा फुगतो, साल सुटतं, आणि दाणा पुन्हा वाळला तरी त्याची उगवणशक्ती घटलेली असते. युरिया हवेतली ओलसुद्धा ओढून घेतो. पाणी लागल्यावर त्याची ढेकळं होतात. सांडलेलं खत आणि पाणी एकत्र आलं की डिकीचा पत्रा झपाट्यानं गंजतो. म्हणजे डिकीची गळती नुसत्या गाडीचा तोटा करत नाही, ती पेरणीलाही नडते. म्हणून मृग नक्षत्र लागण्याआधी आपण घरावरची कवेलू आणि पत्रे पाहून घेतो, तशीच डिकीही पाहून घ्यावी.

पाणी दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. घराच्या छताला एका टोकाला भोक असतं आणि थेंब मात्र आढ्यावरून घरंगळत दुसऱ्याच टोकाला पडतो. गाडीचंही तसंच. पाणी वरच्या दिव्याच्या फटीतून शिरतं, पत्र्याच्या आतल्या बाजूनं उतरतं आणि सर्वांत खोल जागी, म्हणजे स्टेपनीच्या खड्ड्यात जमतं. मग आपण खड्ड्यालाच डांबर फासतो. गळती तशीच राहते, उलट खालचा जोड झाकला जातो.

आणखी एक लक्षात घ्या. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे येताना गाडीचं तोंड खाली असतं. अशा वेळी डिकीतलं पाणी पुढे सरकून मागच्या सीटखाली येऊ शकतं. चढताना तेच मागे जातं. तेव्हा सीटखालचा गालिचा ओला दिसला म्हणून दारालाच दोष देऊ नका. आधी डिकी तपासा.

आधी विचारा : ओल केव्हा होते?

हत्यार हातात घेण्यापूर्वी या चार प्रश्नांची उत्तरं शोधा.

1. गाडी उभी असताना पाऊस झाला आणि पाणी आलं? मग वाट बहुधा वरची आहे : काच, छताची पन्हाळ, दिवे किंवा झाकणाचं रबर.

2. उभ्या गाडीत पाणी येत नाही, पण ओल्या रस्त्यानं किंवा नाल्याच्या पाण्यातून आल्यावर येतं? मग वाट खालची आहे : तळातली रबरी बुचं, चाकावरच्या कमानीचा जोड किंवा बंपरमागची हवेची झडप.

3. पाऊस नसतानाही ओल असते? मागच्या काचेला वायपर असेल, तर तिच्याकडे जाणारी पाण्याची बारीक नळी सुटली किंवा फुटली असण्याचा संभव आहे. काच धुण्याचं बटण दाबून पाहा.

4. डिकीत ओला चारा, भाजीपाला किंवा ओली गोणपाटं वाहिली होती? त्यांची वाफ रात्री थंड पत्र्यावर आणि काचेवर जमते. ही गळती नव्हे. डिकी रिकामी करून दोन दिवस उघडी ठेवली, की हा त्रास थांबतो.

तपासणी कशी करावी

कोरड्या, उन्हाच्या दिवशी हे काम काढावं. सोबत एक माणूस घ्यावा.

प्रथम डिकी पूर्ण रिकामी करा. चटई, खालची पुठ्ठ्याची फळी, स्टेपनी, जॅक, पाना, सगळं बाहेर काढा. बाजूचं अस्तर क्लिपांवर बसवलेलं असतं; ते न ओढता हलकेच सोडवा. तळ पुसून कोरडा करा. सांडलेलं खत असेल तर आधी कोरडंच झाडून घ्या, मग स्वच्छ पाण्यानं धुवा आणि पुन्हा कोरडं करा.

आता नुसत्या डोळ्यांनी पाहा. आपल्या भागातल्या कच्च्या रस्त्यांची धूळ इथं उपयोगी पडते. जिथून पाणी शिरतं, तिथून धूळही शिरते. पत्र्यावर मातीचा ओघळ, तांबूस गंजाची रेघ किंवा रबरावर धुळीची पट्टी दिसली, तर ती खडूनं खूण करून ठेवा.

त्यानंतर रबर तपासा. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी घ्या, ती रबरावर ठेवून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. ती थोडी अडकत, ओढ घेत निघाली पाहिजे. अलगद निसटली, तर तिथं रबर बसत नाही. दर वीतभर अंतरावर अशी पट्टी लावून चारी बाजू पाहा.

शेवटी पाण्याची परीक्षा. मागची सीट पाडून एका मोठ्या माणसानं बॅटरी घेऊन आत बसावं. ज्या गाडीत सीट पडत नाही आणि डिकी स्वतंत्र आहे, तिथं माणूस आत कोंडू नका; जोडाखाली कोरडं वर्तमानपत्र किंवा टाल्कम पावडर पसरा, म्हणजे पाण्याचा माग उमटेल. मूल तर कोणत्याही गाडीच्या डिकीत बसवू नये. इंजिन बंद असावं आणि किल्ली बाहेरच्या माणसाच्या खिशात असावी.

बाहेरच्यानं रबरी नळीनं साधं, वाहतं पाणी सोडावं. धुलाई केंद्राचा जोराचा झोत किंवा फवारणीचा पंप वापरू नये. त्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं आणि फसगत होते. पाणी खालून वर न्यावं. पहिल्यांदा बंपरजवळ, मग दिवे, मग झाकणाची कड, मग काच आणि शेवटी छत. एकेका जागी पाच मिनिटं थांबावं. सुरुवातच छतापासून केली, तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. आतल्या माणसाला पहिला थेंब दिसताच त्यानं आवाज द्यावा आणि बाहेरच्यानं पाणी थांबवावं. थेंबापासून वरच्या बाजूला माग काढत गेलं, की फट सापडते.

एक फट सापडली म्हणून काम संपलं असं मानू नका. जुन्या गाडीत दोन-तीन जागा असू शकतात.

दुरुस्ती

*मागचे लाल दिवे.* दिव्यामागची स्पंजाची किंवा रबराची गादी कालांतरानं दबते. आतल्या बाजूचे नट सोडून दिवा काढा, जागा स्वच्छ करा आणि नवी गादी बसवा. ती मिळाली नाही, तर काळी चिकट ब्युटाइल पट्टी लावता येते. नट आलटून पालटून, सारखे आवळा. जास्त जोर लावल्यास प्लास्टिक तडकतं.

*झाकणाचं रबर.* आधी साबणाच्या पाण्यानं धुवा. कित्येकदा खड्यांमुळे आणि गाळामुळेच ते बसत नाही. चिरलेलं किंवा कडक झालेलं रबर बदलावं. रबराचा जोड डिकीच्या तळाशी येतो तिथं फट राहू देऊ नये. रबराला डिझेल, ऑइल किंवा ग्रीस लावू नये. त्यानं ते फुगतं आणि सैल होतं. रबर चांगलं असूनही कागद निसटत असेल, तर कुलपाचा अडकवा थोडा सरकवून झाकण घट्ट बसवून घ्यावं.

*तळातली बुचं.* डिकीच्या तळाला रबरी बुचं असतात. पाणी काढण्यासाठी ती काढली, तर सुकल्यावर परत बसवा. हरवलं असेल तर त्याच मापाचं नवं आणा. पाणी निघून जावं म्हणून तळाला नवीन भोक पाडणारे लोक आहेत. त्या भोकातून रस्त्याचं पाणी वर येतं आणि कडेनं गंज धरतो. तसं करू नका.

*पत्र्याचा जोड.* छताच्या पन्हाळीत आणि चाकाच्या कमानीवर पत्र्यांचे जोड असतात. तिथलं भरण तडकलं असेल, तर ते खरवडून काढा, गंज घासा, प्रायमर लावा आणि मग मोटारीच्या जोडासाठी मिळणारा सीलर भरा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं घरगुती सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नये. त्यातल्या आम्लानं लोखंड गंजतं. ओल्या पत्र्यावर काहीच टिकत नाही, हे ध्यानात ठेवा.

*काच.* आजच्या पुष्कळ गाड्यांची मागची काच चिकटवून बसवलेली असते. तिच्या कडेनं पाणी येत असेल, तर ती जाणत्या कारागिराकडूनच काढून बसवून घ्यावी. पत्रा आरपार सडला असेल तर डेंटरकडे जावं. या दोन कामांत घरगुती उपाय महाग पडतो.

दुरुस्तीनंतर सीलरच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा नळीनं तीच परीक्षा घ्या. परीक्षा न घेतलेली दुरुस्ती म्हणजे उगवणक्षमता न तपासलेलं बियाणं.

जिवाच्या दोन गोष्टी

पहिली धुराची. ज्या फटीतून पाणी येतं, तिच्यातून सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुषार संचाचे पाइप किंवा मोठ्या गोण्या नेताना डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीनं बांधतात, तेव्हा हा धोका फार वाढतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी असं काही वाटलं, तर गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावं. लांब माल ट्रॉलीतून न्यावा.

दुसरी सीएनजीची. डिकीत टाकी असेल, तर तिच्या पट्ट्यांखाली ओल साचून गंज धरत नाही ना, हे पाहत राहा. टाकीचे बोल्ट स्वतः सोडू नका. टाकीची दाबचाचणी दर 3 वर्षांनी करून घ्यावी लागते, तारीख तपासा. गॅसचा वास आला तर गळती शोधत बसू नका. गाडी उघड्यावर ठेवून माहीतगाराला बोलवा.

बियाणं भिजलंच तर

पिशवी लगेच उघडून बियाणं सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरा. कडक उन्हात टाकू नका. ते आपटू किंवा तुडवू नका. सुकल्यावर न निवडता 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत ठेवा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. 70 किंवा जास्त असतील, तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. थोडे कमी असतील, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून बियाण्याचं प्रमाण वाढवा. फारच कमी असतील, तर ते बियाणं पेरू नका. दुबार पेरणीपेक्षा आठ दिवसांची ही तपासणी स्वस्त आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• पाणी साचतं तिथं नव्हे, शिरतं तिथं उपाय करा.
• उभ्या गाडीत ओल आली तर वर पाहा, चालत्या गाडीत आली तर खाली पाहा.
• पाण्याची परीक्षा साध्या धारेनं, खालून वर, एकेका जागी पाच मिनिटं.
• स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावरच सीलर लावा. दुरुस्तीनंतर पुन्हा परीक्षा घ्या.
• बियाणं आणि खत डिकीत रात्रभर ठेवू नका. नेतानाही खाली लाकडी फळी घाला. कीटकनाशकाची बाटली बियाण्यासोबत किंवा खाण्याच्या वस्तूंसोबत ठेवू नका.
• पहिल्या मोठ्या पावसानंतर स्टेपनी उचलून खड्ड्यात हात फिरवा. हात कोरडा निघाला, की काम पक्कं झालं.

शेतकरी बंधूंनो, हे काम एका दुपारचं आहे. पेरणीची घाई सुरू झाल्यावर त्याला सवड मिळणार नाही. म्हणून या आठवड्यातच एक दुपार काढा.