लढाई अमेरिकेत, दिवाळं मुंबईत, कर्ज आपल्या दारात

(भोर-वेल्हे भागातील बैठकीतले भाषण)



भोर-वेल्ह्यात पिकतं भात आणि नाचणी. मग इथं कापसाची गोष्ट कशाला? कारण वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्या चालवायला घाटावरची, कोकणातली पोरं गेली. कापूस एका शेतकऱ्याचा, घाम दुसऱ्या शेतकऱ्याच्या पोराचा. भांडवल साठलं तिसरीकडेच. हे कसं झालं, ते आज आम्हाला मांडायचं आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडच्या गिरण्या अमेरिकी कापसावर चालत. त्यांनी मुंबईकडं धाव घेतली आणि कापसाला सोन्याचा भाव आला. युद्धाच्या वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा ७ कोटी पौंडांहून जास्त पैसा आला. कापूस शेतकऱ्याचा, पण त्या पैशातून कापसाच्या गावात गिरण्या निघाल्या नाहीत. बराचसा पैसा समुद्र बुजवणाऱ्या बॅकबे कंपनीसारख्या शेअरांच्या सट्ट्यात गेला. १८६५ च्या एप्रिलात लढाई थांबली, भाव कोसळले आणि जुलैत मुंबईच्या बाजाराचं दिवाळं निघालं.

तेजीत सावकारानं हात सैल सोडला होता, मंदीत त्यानं फास आवळला. वर सरकारनं सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यात, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले.

आता लढाईनं उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागाकडं बघा. तिथल्या पुढाऱ्यांनी ठरवलं, कापसाच्या शेतापाशीच गिरणी काढायची. १८८० नंतर कॅरोलिना आणि जॉर्जियात गिरण्यांची रांग लागली. १९२० च्या दशकात दक्षिणेनं चात्यांच्या संख्येत उत्तरेच्या जुन्या गिरण्यांना मागं टाकलं. देश सावरला म्हणायचा! पण कापूस पिकवणारा? सुमारे ४० लाख गुलाम मोकळे झाले, पण बहुतेकांना जमीन मिळाली नाही. ते बटाईनं राबू लागले. गावचा दुकानदार उभ्या पिकावर उधारी देई आणि अट घाली, कापूसच लाव. हिशेबाला बसलं की बाकी शेतकऱ्याकडंच निघे. गिरणीतल्या नोकऱ्याही बहुतेक गोऱ्यांनाच राखलेल्या.

आपल्याकडंही जमशेटजी टाटांनी कापसाच्या मुलखात, नागपुरात, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली. आज ती बंद आहे. मुंबईत १९८२ चा संप झाला, पुढं गिरण्या मिटल्या आणि जागी टॉवर उभे राहिले. जमिनीला भाव आला. कापसाला नाही, कामगारालाही नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. कारखाना हवाच. लढाईनंतर असो, दुष्काळानंतर असो, भांडवल आल्याशिवाय मुलूख उठत नाही. पण उद्या तुमच्या तालुक्यात कुणी कारखान्याचा नारळ फोडला, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. माल कोणत्या भावानं घेणार? भाव पटला नाही तर दुसरीकडं विकायची मोकळीक राहणार का? आणि नफ्यात पिकवणाऱ्याचा वाटा किती?

उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.