विनोदाच्या यादीत बाई कुठे आहे?



येडशीच्या या साहित्य संमेलनाच्या स्वागताध्यक्षांनी आत्ता माझी ओळख ‘स्त्रियांच्या दुःखाला वाचा फोडणाऱ्या लेखिका’ अशी करून दिली. ते आपल्या बाजूचे, म्हणून त्यांना माफ. पण त्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. बाईचं पुस्तक हातात पडलं, की आमचा परीक्षक आधी रुमाल काढतो आणि मग चष्मा.

मराठी विनोदावर बोलायला कुणीही उभं राहू दे. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. ही यादी पाठ असते. तिच्यात लक्ष्मीबाई टिळकांचं नाव कधी ऐकलंत? ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 चा. वडिलांचं सोवळ्याचं वेड, हातात पैसा न टिकणारा कवी नवरा, स्वतःची फजिती, सगळं त्यात आहे. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले. बाई चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एवढं सोसून बाई हसवते, आणि समीक्षक तिला ‘प्रांजळ’ म्हणून मोकळे होतात! पुरुषानं हेच लिहिलं असतं, तर एव्हाना त्याच्या शैलीवर चार प्रबंध झाले असते.

  मागच्या वर्षी याच मुद्द्यावर एका विद्वानांनी, नाव घेत नाही, चहा घेताहेत ते, म्हटलं : बायकांचा विनोद फार घरगुती असतो. अहो, मग चिं. विं.चा चिमणराव काय लष्करी छावणीत राहत होता?

बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून वीसेक वर्षं लपवून ठेवायच्या. ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपात आलं. ते दाहक आहे, कोण नाही म्हणतं? ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (2003) सुद्धा. पण ‘आयदान’ वाचताना हसू येतं, हे किती व्यासपीठांवरून सांगितलं गेलं? दुःख सांगणारी बाई आपल्याला चालते. आपल्याला हसणारी बाई जड जाते, कारण ती कुणाला हसतेय हे कळतं. इथून जवळ कसबे तडवळ्याला 1941 साली बाबासाहेबांची परिषद झाली. त्या गर्दीतल्या बायांनी घरी येऊन चुलीपुढं काय सांगितलं असेल, कुणाच्या नकला केल्या असतील! त्यांचं एकही पुस्तक माझ्या वाचनात नाही.

माझी आत्या येडशीचीच. तिचे यजमान एकदा रुसून लातूरकडं जाणाऱ्या त्या छोट्या गाडीत बसले. आत्यानं भाकरी बांधली आणि पोराला रुळाकडेनं पिटाळलं. पोरानं पुढच्या स्टेशनावर गाठून डबा दिला. सोबत निरोप होता, ‘रुसायचंच तर जेवून रुसा.’ यजमान पुढच्याच गाडीनं परत. आत्या हे दर श्रावणात, रामलिंगाला जाताना, माकडांना शेंगा टाकत टाकत सांगायची, आणि दर वेळी गाडी आणखी हळू व्हायची. लिहिता येत असतं तर तिला कुणी ‘सोशिक’ म्हटलं असतं, पैज लावते.

असो. मोठ्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांचं काय सांगू? पहिलं 1878 चं, पहिली स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, 1961, ग्वाल्हेर. 2025 ला दिल्लीत 98वं झालं, तोवर सहा जणी! आमच्या गावोगावच्या संमेलनांत तर महिलांचा परिसंवाद नेमका जेवणाच्या वेळी लावतात. मंडप रिकामा, आणि मग हेच लोक म्हणणार, बायकांना ऐकायला कोण येतं.

यंदा मी कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधीच अडवली. परिसंवाद एक वाजता आहे आणि त्याचा विषय ‘बाईचा विनोद’. पंगत तो संपल्यावर बसेल. आचाऱ्यांना तसं सांगून ठेवलंय, आणि भाताचं पातेलं माझ्या भावजयीच्या ताब्यात आहे.