मॅच बघायला कोण बसतं?

(जळोची येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मला विषय दिलेला नाही. "ताई, कायदा नको, पोटगी नको, दारूबंदी नको. एक दिवस नुसत्या गप्पा मारा," असं तुमच्यातल्याच एकीनं फोनवर सांगितलं. मी हो म्हटलं आणि अडचणीत आले. गप्पा मारायच्या तरी कशाच्या? पुरुषांना हा प्रश्न पडत नाही. आत्ता येताना टपरीवर आठ-दहा जण उभे दिसले. क्रिकेट, सिनेमा, निवडणूक, एका चहात सगळं उरकत होते. त्याला म्हणायचं चर्चा. आपण चौघी नळावर थांबलो की त्या चकाट्या. तर आज चकाट्याच पिटू.

आधी क्रिकेट. २ नोव्हेंबर २०२५, रविवार. तुळशीच्या लग्नाचे दिवस होते. नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींची वर्ल्ड कपची फायनल, समोर दक्षिण आफ्रिका. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला, म्हणजे नेमका आपल्या स्वयंपाकाच्या वेळेत आला. आमच्या घरात मॅच कायम लागते, पण माझ्या वाट्याला तिचा फक्त आवाज येतो. ओरडा झाला की समजायचं कुणीतरी आउट झालं, आणि चहा टाकायचा. त्या दिवशी मी भाकरी दुपारीच थापून ठेवल्या आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. सासूबाईंनी विचारलं, "बरं वाटंना का गं?" बाई बसली म्हणजे आजारीच असणार! थोड्या वेळानं त्याही येऊन बसल्या. शेफाली वर्मानं ८७ धावा काढल्या, दीप्ती शर्मानं अर्धशतक काढून वर पाच बळी घेतले, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला आपण ५२ धावांनी जिंकलो. एलबीडब्ल्यू सासूबाईंना कळत नाही, मलाही धड कळत नाही. पण त्या म्हणाल्या, "ह्या पोरींच्या आयांनी काय काय ऐकून घेतलं असंल." एवढे समालोचक बोलत होते, हे कुणाला सुचलं नाही.

आणि ऐकून तर घेतलंच असणार. १९७३ साली बायकांच्या क्रिकेटची देशपातळीवर संघटना झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढं कित्येक वर्षं या मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून गेल्या, मिळेल त्या हॉलमध्ये जमिनीवर झोपल्या. क्रिकेट बोर्डानं त्यांचा कारभार हातात घेतला २००६ साली. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं करायचं ठरलं ते २०२२ साली. त्या पहिल्या तीन संघांतल्या मुली आता आज्या झाल्या असतील.

मला फायनलपेक्षा सेमीफायनल जास्त लक्षात राहिली. ऑस्ट्रेलियाचे ३३८, आणि आपली जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद. जिंकल्यावर ती सगळ्यांसमोर रडली आणि म्हणाली, या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडत होते, मनाला फार त्रास होत होता. आपण हे कधी बोलतो का? आपण म्हणतो डोकं दुखतंय, कंबर दुखतेय. दवाखान्यातसुद्धा तेच सांगतो. जेमिमाचं ऐकून आमच्या शेजारची एक सून माझ्याकडे येऊन बसली आणि दीड तास बोलली. काय बोलली ते इथं सांगायचं नाही.

कप येऊन तीन आठवडे झाले नाहीत तोवर टीव्हीवाल्यांना सांगलीची स्मृती मानधना दुसऱ्याच कारणासाठी आठवली. लग्न. मग लग्न पुढं ढकललं, मग ते होणार नाही असं तिनं स्वतःच डिसेंबरात जाहीर केलं आणि आता आम्हाला एकटं सोडा अशी विनंती केली. सोडतंय कोण! आपल्यातही चर्चा झालीच, मी साळसूदपणा आणत नाही, मीही मोबाईलवर बघत बसले होते. मग माझी मलाच लाज वाटली. ठरलेलं लग्न थांबवायला केवढा धीर लागतो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? पत्रिका वाटून झाल्यात, लोक काय म्हणतील, एवढ्यावर बोहल्यावर उभ्या राहिलेल्या मुली पुढं आपल्याच केंद्रात येतात.

सिनेमाचं म्हणाल तर 'सैराट'. २०१६ साल. नागराज मंजुळे भीमेपलीकडचा, जेऊरचा, रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे आपल्या इंदापूरच्या शेजारचीच की. आर्चीनं ट्रॅक्टर चालवला, बुलेट चालवली, थेटरात काय शिट्ट्या! त्याच महिन्यात आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीचा मोबाईल काढून घेतला. बाप दोनदा सिनेमा बघून आला होता. शेवट बघून त्याला कुणाची भीती वाटली, मुलीच्या जिवाची की स्वतःच्या नाकाची, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.

निवडणुकीचं थोडक्यात. २०२४ ला बारामतीत लोकसभेला दोन मुख्य उमेदवार, दोघी बाया. पण बातमी काय, तर नणंद विरुद्ध भावजय. पुरुष उभे राहिले की ते उमेदवार. असो, त्यावर वेगळी बैठक लावू.

आता माझं. मी शाळेत खो-खो खेळायचे. नववीत बंद झालं. पाळी आली होती, खेळायला अर्धी चड्डी होती, आणि काकांनी मैदानावर पाहिलं. संपलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या कप्तानीत मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. मी बघितलं आणि मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला.

तशी भीती मलाही वाटते. मुली पाठवायच्या म्हणतो, पण २०२३ मध्ये दिल्लीत कुस्तीगीर मुली छळाची तक्रार घेऊन रस्त्यावर बसल्या, त्यांना फरपटत नेलं, आणि साक्षी मलिकनं वर्षाअखेरीला पत्रकारांपुढं टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडली. ऑलिंपिकचं पदक असलेली बाई ती. तालमीत, मैदानावर काही झालं तर सांगायचं कुणाला, हे आपल्या मुलींना माहीत पाहिजे. ते आपणच विचारून घ्यायला पाहिजे, शाळेत जाऊन.

फायनलनंतरच्या आठवड्यात आमच्या भागातल्या सात-आठ मुली बॅट घेऊन मैदानावर गेल्या. मोठी पोरं म्हणाली, जागा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पोरी गेल्याच नाहीत. मी त्या पोरांच्या आयांना भेटले. वाईट नाहीत पोरं. मुलींसाठी जागा सोडायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून आम्ही पाच जणींनी ठरवलंय, दर रविवारी साडेपाचला मैदानाच्या कडेला बसायचं. भांडायचं नाही. भाजी निवडायची असेल तर घेऊन या, शेंगा आणा. पोरी खेळतील, आपण बघू. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी या. सतरंजी मी आणते.