शाळेच्या सभेत आपली जागा



मुलाचं नाव घातलं की शाळा जाणे आणि मास्तर जाणे, असं आपल्या वस्तीत बरेच जण समजतात. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या कारभारात आईबापांना जागा दिली आहे. सरकारी व पालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांत तीन सभासद पालक, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदानाचा पैसा कुठे खर्ची पडला ते बघणं, हे तिचं काम.

आपल्या काही भगिनी समितीवर आहेत. पण सभा दुपारी दोनला! धुणीभांडी करणारी बाई खाडा करून कशी जाणार? मग शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो, "ताई, इथं सही करा." गिरणीत आम्ही एवढं शिकलो, की वाचल्याबिगर कागदावर सही नाही. ठराव काय लिहिलाय, तो आधी मोठ्यानं वाचून दाखव म्हणावं.

शिक्षक आपले वैरी नव्हेत. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी, हे त्याच कायद्याने त्यांच्यावर सोपवलं आहे. बोलायची वेळ तेवढी जुळत नाही.

म्हणून आम्ही अर्ज लिहिला आहे: सभा रविवारी सकाळी घ्यावी, अडचण असल्यास विहाराचा हॉल मोकळा आहे. मुख्याध्यापिका बाई "बघते" म्हणाल्या. वही दाराशी ठेवली आहे. वाचा, मग सही करा.