फवारणीची हजेरी

(समुद्रपूर येथील शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘जोखमीची कामे आणि नुकसानभरपाई’. खाणी, गिरण्या आणि 1923 चा भरपाई कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. मी आज थेट पऱ्हाटीत शिरणार आहे. (हशा) आपल्या तालुक्यातले सर्वांत जोखमीचे काम तिथे चालते आणि त्याची हजेरी कुणीच लिहीत नाही.

2017 चा हंगाम आठवा. वर्धा नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती, औषधाचा फवारा थेट तोंडावर येत होता.

फवारणीवरचा एक गडी मी जवळून पाहिला. पाठीवर पंप, झाकणातून औषध ठिबकून सदरा ओला. तोंडाला दुपट्टा, तोही भिजलेला, आणि घाम पुसायचा तो त्याच दुपट्ट्याने. धुऱ्यावर बसून त्याने तसाच तंबाखू मळला. हातमोजे का नाही, विचारले. म्हणाला, “गरमीनं जीव जाते ना भाऊ. अन् पंपामागं पैसे हायेत, थांबलो तं मजुरी बुडते.” पंपामागे मजुरी ठरली की विसावा महाग पडतो. त्याला बेफिकीर म्हणण्याआधी हा हिशेब बघा.

(मागून आवाज : मग भरपाई शेतकऱ्यानंच द्यायची का?)

मी शेतकऱ्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. आधी कायदा ऐका. शेतात कीटकनाशक फवारणे हे काम 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत होते. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. जुन्या कायद्यातला रोजंदारीच्या तात्पुरत्या कामाचा अपवाद 2000 च्या दुरुस्तीनेच गेला. मृत्यू झाला, तर ‘त्याने मास्क लावला नव्हता’ ही सबब चालत नाही. तीस वर्षांचा मजूर, महिन्याची कमाई 9,000 धरा. निम्मे 4,500, त्याला वयाचा गुणांक 207.98. होतात 9,35,910 रुपये. यवतमाळच्या मृतांच्या घरी सरकारने जाहीर केले दोन लाख!

गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत विषबाधा बसते, पण लाभ खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. सातबारा नसलेला मजूर बाहेरच. आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. पाच एकरांचा कास्तकार नऊ लाख कुठून आणणार? म्हणून माझी मागणी आहे : फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराचा विमा सरकारने उतरवावा आणि हप्ता कीटकनाशक विकणाऱ्या कंपन्यांकडून घ्यावा. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दोन मिनिटे उरली. थ्रेशरमध्ये बोट गेले, डोळा गेला तर किती भरपाई, ते कोष्टक राहू द्या. ते छापील मिळते. महत्त्वाचे तेवढे सांगतो.

दावा अडतो तो पुराव्यावर. मजूर त्या दिवशी कुणाच्या वावरात होता, कोणते औषध मारत होता, हे कुठेच लिहिलेले नसते. डॉक्टरलाही औषधाचे नाव कळत नाही, मग उपचाराला उशीर होतो. म्हणून प्रत्येक घरी एक वही ठेवा. तारीख, मजुराचे नाव, औषध, मजुरी आणि त्याची सही किंवा अंगठा. औषधाच्या लेबलचा फोटो मजुराच्याही मोबाइलमध्ये असू द्या. ही नोंद शेतकऱ्याला बुडवायला नाही, विम्याची मागणी दोघांनी मिळून रेटायला आहे.

उद्या सकाळी पंप भरण्याआधी पहिली ओळ लिहा.